क्लोंडाइक आणि उत्तरेकडच्या रानांचे जुने फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी कॅनडातल्या मराठी मंडळांत हे फोटो पडद्यावर दाखवते आहे. कार्यक्रम संपला की चहाच्या टेबलापाशी लोक गाठतात, आणि प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. कुणाला सोन्यात रस असतो, कुणाला कॅमेऱ्यात, कुणी सरळ विचारतं, ‘अहो, तिथे आधी कोण राहायचं?’ या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. म्हणून ते जरा लांबलं आहे.

हे फोटो नेमके कुठले आणि कधीचे?

मुख्यतः कॅनडाच्या वायव्य टोकाचा युकॉन प्रदेश आणि त्याला लागून असलेला अलास्काचा किनारा. काळ साधारण १८९७ ते १९१५. १६ ऑगस्ट १८९६ रोजी क्लोंडाइक नदीला मिळणाऱ्या रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात सोनं सापडलं. पुढे त्या ओढ्याचं नावच बोनान्झा झालं. बातमी बाहेर पडायला वर्ष गेलं. जुलै १८९७ मध्ये ‘एक्सेलसियर’ सॅन फ्रान्सिस्कोला आणि ‘पोर्टलंड’ सिअॅटलला लागली. दोन्ही बोटींतून सोनं घेतलेली माणसं उतरली आणि सगळीकडे एकच धावाधाव सुरू झाली. सुमारे एक लाख लोक निघाले. पोचले तीस-चाळीस हजार. त्यांच्या मागोमाग, काही जण तर त्यांच्या बरोबरच, कॅमेरेवाले निघाले.

बर्फाच्या चढावर मुंग्यांसारखी रांग लागली आहे, तो फोटो कसला?

ती चिल्कूट खिंड. उंची १,०६७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमी. पण चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि शेवटचा टप्पा भिंतीसारखा उभा आहे. हिवाळ्यात तिथे बर्फात सुमारे दीड हजार पायऱ्या खोदल्या होत्या. लोक त्यांना ‘सोनेरी जिना’ म्हणायचे.

हा फोटो मोठा करून बघा. घाई करू नका. आधी डोळा त्या काळ्या रेघेवर जातो: माणसामागे माणूस, प्रत्येक जण कमरेत वाकलेला. रेघेत फट नाही. एकदा बाजूला झालात की परत घुसायला तासन्‌तास थांबावं लागायचं. आता उजवीकडे बघा, बर्फावर चर पडलेले दिसतात. ओझं वर टाकून माणसं त्या चरांतून बसून घसरत खाली यायची, पुढचं ओझं उचलायला. आता फोटोच्या तळाशी या. तिथे तंबू आहेत आणि पोत्यांचे, खोक्यांचे ढीग आहेत. खरी गोष्ट त्या ढिगांत आहे. कॅनडाच्या पोलिसांनी हद्दीवर नियम केला होता की वर्षभर पुरेल इतकं सामान असल्याशिवाय आत सोडणार नाही. माणशी जवळजवळ एक टन. त्यात साधारण चारशे पौंड नुसता मैदा. एका खेपेत पाठीवर पन्नास-साठ पौंड धरले तरी हा जिना तीस-चाळीस वेळा चढायचा. हे माहीत नसेल तर फोटोतली रांग एका दिवसाची वाटते. ती तशी नाही. तेच चेहरे त्या रांगेत पुन्हा पुन्हा आलेले आहेत, महिना महिना.

३ एप्रिल १८९८ रोजी याच वाटेवर हिमकडा कोसळला आणि साठाहून जास्त माणसं गेली. खाली डायी गावाजवळ त्यांची दफनभूमी आहे. एका काळी हजारो लोकांनी गजबजलेलं डायी आज जवळजवळ नाहीसंच झालं आहे. धक्क्याचे कुजलेले खुंट तेवढे रांगेने उभे आहेत.

हे फोटो काढले कोणी?

बरेच जण होते, पण नाव घ्यायचं तर आधी एरिक हेग यांचं. जन्म स्वीडनचा, लहानपणी कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले, वॉशिंग्टन राज्यात स्टुडिओ चालवत होते. १८९७ च्या शरदात ते उत्तरेला गेले आणि डायी, शेजारचं बंदर स्कॅग्वे, मग बोटीने सोन्याच्या धावाधावीतून उभं राहिलेलं डॉसन गाव असा सगळा प्रवास त्यांनी टिपला. त्यांची सामानाची बर्फावरची घसरगाडी बोकड ओढायचे; तोही फोटो आहे. डॉसनला त्यांचा स्टुडिओ होता. पुढे ते अलास्कातल्या नोमला आणि नंतर कॉर्डोव्हाला गेले आणि कॉपर नदीकाठची रेल्वे व तांब्याच्या खाणींचं काम त्यांनी टिपलं. त्यांच्याखेरीज फ्रँक ला रोश, एशेल कर्टिस, डॉसनची लार्स आणि दुक्लो ही जोडी, आणि स्कॅग्वेहून डोंगर ओलांडणाऱ्या व्हाइट पास रेल्वेने कामाला ठेवलेले हॅरी बार्ली.

हा पोटापाण्याचा धंदा होता, हे लक्षात ठेवा. प्रिंट, पोस्टकार्डं आणि दोन डोळ्यांनी बघायच्या स्टिरिओ-कार्डांना घरोघर मागणी होती. बार्लींचे फोटो रेल्वेसाठी होते. त्यांत पूल भक्कम दिसतो, बोगदा देखणा दिसतो. सरळच आहे, पैसे कंपनीचे होते. रेल्वेचं काम १८९८ च्या मे महिन्यात सुरू झालं आणि २९ जुलै १९०० ला संपलं. कडा सुरुंगाने फोडताना दोरांना लटकलेले मजूर काही फोटोंत दिसतात. मला बार्लींचे तेच फोटो सगळ्यांत जास्त आवडतात.

एवढ्या थंडीत कॅमेरा चालायचा कसा?

कष्टाने. निगेटिव्ह म्हणजे काचेची प्लेट. एक नाही, डझनावारी. लाकडी कॅमेरा, ट्रायपॉड, प्लेट्सची खोकी आणि रसायनांच्या बाटल्या, हे सगळं त्या टनभर सामानाच्या वर. सुदैवाने तोपर्यंत जिलेटिनच्या कोरड्या प्लेट्स कारखान्यातून तयार मिळत होत्या. त्याआधीच्या पिढीला जागेवरच प्लेट ओली करून, ती वाळायच्या आत फोटो काढून धुवावी लागायची.

तरी अडचणी होत्याच. बाहेरून उबदार तंबूत आलं की भिंगावर दव धरायचं. डेव्हलपर, म्हणजे प्लेटवर चित्र उमटवणारं रसायन, गार पडला की काम करायचा नाही, गोठला तर संपलंच. पाणी बर्फ वितळवून मिळवायचं. अशा जागी हलणाऱ्या माणसाचा फोटो सुस्पष्ट येणं ही कमाई होती. कुठे चेहरा धूसर, कुठे कुत्र्याला दोन शेपट्या दिसल्या तर समजा, एक्स्पोजर चालू असताना ते हललं.

जवळजवळ सगळ्या फोटोंत आकाश कोरं पांढरं का?

ढगच नव्हते असा समज करून घेऊ नका. त्या प्लेट्सना निळा रंग फार लवकर लागायचा आणि तांबडा जवळजवळ लागायचाच नाही. त्यामुळे निळं आकाश जळून पांढरं व्हायचं, ढग त्यात विरघळायचे, आणि उन्हाने रापलेले चेहरे होते त्याहून काळे उमटायचे. शरदात युकॉनच्या टेकड्या लालपिवळ्या होतात. फोटोत त्या काळपट, उदास. हा प्रदेश भकास होता असं आपल्या मनात जे बसलं आहे, त्यातला काही भाग निव्वळ या काचेचा दोष आहे.

मग हे रान खरोखर निर्मनुष्य होतं का?

नाही. अजिबात नाही.

‘क्लोंडाइक’ हा शब्दच तिथल्या लोकांचा आहे. मूळ शब्द ‘त्रोंडेक’. नदीच्या पात्रात सामन मासे धरायला खुंट ठोकायचे, ते ठोकायचा दगड असा त्याचा संबंध. त्या नदीचे लोक ते त्रोंडेक ह्वेचिन. क्लोंडाइक आणि युकॉन या नद्यांच्या संगमावर त्रोचेक हे त्यांचं मासेमारीचं ठिकाण होतं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. सोन्यासाठी आलेल्या गर्दीने ते गिळलं. चीफ आयझॅक यांनी आपल्या लोकांना नदीच्या खालच्या अंगाला काही किलोमीटरवर मूसहाइडला हलवलं. डॉसनच्या पसरत जाणाऱ्या तंबूंचे फोटो आपण बघतो तेव्हा कुणाची तरी उठलेली वस्ती चौकटीच्या बाहेर असते.

त्याच चीफ आयझॅक यांनी आणखी एक गोष्ट केली. या लोंढ्यात आपली गाणी आणि नाच टिकणार नाहीत हे ओळखून त्यांनी ती अलास्कातल्या नातलग लोकांकडे सांभाळायला दिली, नाचाची काठीही दिली. अनेक दशकांनी ती गाणी परत आली आणि आज पुन्हा म्हटली जातात. याचा फोटो कुठेही नाही, असणारही नाही. २०२३ मध्ये युनेस्कोने ‘त्रोंडेक-क्लोंडाइक’ जागतिक वारसा यादीत घेतलं, तेव्हा नावात ‘त्रोंडेक’ आधी आलं याचा मला फार आनंद झाला.

चिल्कूटची खिंडही नव्याने ‘सापडलेली’ नव्हती. ती त्लिंगित लोकांची व्यापाराची वाट होती आणि तिच्यावर त्यांचा ताबा होता. फोटोंत कपाळावरून पट्टा घेऊन ओझी वाहणारे जे हमाल दिसतात ते बहुतेक तेच. त्यांत बायका आहेत, पोरंही आहेत. पौंडामागे दर ठरवून ते माल पोचवायचे. आपल्या वाटेवर, आपल्या अटींवर चालणारी ही माणसं होती. फोटोखाली मात्र नुसतं ‘इंडियन हमाल’.

आणि सोनं सापडलं तेव्हा तिथे होते कीश (इंग्रजी कागदांत स्कूकम जिम), त्यांचा भाचा का गूख (डॉसन चार्ली), बहीण शॉ त्ला (केट कारमॅक) आणि तिचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. चौघांतले तिघे इथलेच. शोध मात्र बरीच वर्षं चौथ्याच्या नावावर सांगितला गेला.

फोटोखालच्या ओळींवर किती विश्वास ठेवायचा?

जागेच्या नावापुरता बराच, माणसांच्या बाबतीत कमी. काचेवर खरडलेली ओळ विकायच्या दृष्टीने लिहिलेली असते. मूळ रहिवाशांसाठी वापरलेले काही शब्द तर आज उघड शिव्या आहेत. संग्रहालयं आता मूळ ओळ नोंद म्हणून ठेवतात आणि सोबत योग्य वर्णन देतात. मला हे पटतं. खोडून टाकलं तर अपमान झाला होता हेही पुसलं जाईल.

कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा ‘प्रोजेक्ट नेमिंग’ हा उपक्रम तर जरूर बघा. दोन दशकांपूर्वी नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट लोकांच्या प्रदेशातल्या तरुणांनी जुने फोटो गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर ठेवून विचारायला सुरुवात केली, ‘हे कोण?’ ‘एस्किमो बाई’ अशी नोंद असलेल्या फोटोला त्यातून नाव मिळालं, गाव मिळालं, नातवंडं मिळाली.

सोनं काढायची पद्धत फोटोंत दिसते का?

दिसते, पण क्रम माहीत हवा. तिथली जमीन बारमाही गोठलेली. सोनं खाली, खडकाला टेकलेल्या खडीत. हिवाळ्यात लाकडं पेटवून जमीन मऊ करायची, विहिरीसारखं खणत खाली जायचं, रहाटाने खडी वर ओढून ढीग लावायचा. वसंतात ओढ्याला पाणी आलं की तो ढीग लाकडी पन्हाळीतून धुवायचा. माती वाहून जाते, सोनं जड म्हणून तळच्या आडव्या पट्ट्यांत अडकतं. आपल्याकडे सराफ कट्ट्यावर झारेकरी गाळ धुऊन सोन्याचा कण काढतात, तत्त्व तेच.

आता फोटोत टेकड्यांकडे बघा. बोडक्या. ते झाड न् झाड या खड्ड्यांत आणि केबिनींत गेलं. काही वर्षांनी चित्र आणखी बदलतं: एकटादुकटा खणणारा दिसेनासा होतो आणि ड्रेज येतात. ड्रेज म्हणजे स्वतःच खणलेल्या तळ्यात तरंगणारा कारखाना. पुढून बादल्यांच्या साखळीने नदीचं पात्र खायचं, पोटात धुवायचं आणि मागे खडी टाकायची. ‘ड्रेज नंबर ४’ आठ मजली उंचीचं, लाकडी सांगाड्याचं. १९१२ मध्ये बांधलं, १९५९ पर्यंत चाललं. आज ते राष्ट्रीय स्मारक आहे. त्याने मागे टाकलेले खडीचे ढिगारे अजून तसेच आहेत, ओढ्याच्या तळावर अळीने सरपटत वेटोळी काढावीत तसे. मी त्या खडीवर उभी राहिले आहे. पायाखाली गुळगुळीत गोटे, मधूनमधून एखादं झुडूप, माती जवळजवळ नाहीच.

लाकूडतोडीच्या फोटोंत माणसं झाडाच्या खाचेत झोपलेली का असतात?

झाडाचा घेर कळावा म्हणून. हे फोटो दक्षिणेकडचे, ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टनचे. लिओनार्ड फ्रँक आणि डेरियस किन्झी ही तिथली मोठी नावं. किन्झी फोटो काढायचे आणि घरी त्यांची पत्नी टॅबिथा प्लेट्स धुवायची, प्रिंट काढायची. श्रेय देताना ती गाळली जाते, ते योग्य नाही. गिऱ्हाईक म्हणजे फोटोतले तोडणारेच. त्यामुळे ते ऐटीत उभे आहेत. बुंध्यात खाच पाडून बसवलेल्या फळीवर जमिनीपासून उंच उभं राहून करवत चालवायची, अशी कामाची पद्धत होती. तोल गेला की गेलं.

फोटो रचलेले असायचे का?

काही असायचे. स्टुडिओत फर घालून उभे राहिलेले ‘खाणवाले’ ओळखू येतात. पडदा दिसतो, बूट स्वच्छ असतात. त्याहून मोठी अडचण सह्यांची. निगेटिव्ह विकल्या जायच्या आणि नवा मालक आपली सही ठोकायचा. हेग यांचे काही फोटो म्हणूनच दुसऱ्यांच्या नावाने फिरतात.

तारीख कशी ओळखायची?

इमारतींवरून. डॉसनला २६ एप्रिल १८९९ रोजी मोठी आग लागली आणि शंभरावर इमारती जळाल्या. त्यात गेलेली इमारत फोटोत उभी असेल तर फोटो त्याआधीचा. खिंडीवर मालवाहू तारमार्गाचे खांब दिसले तर १८९८ किंवा नंतरचा.

काचेचे हे फोटो वाचले कसे?

बरेच वाचले नाहीत. हेग यांच्या काही प्लेट्स डॉसनमधल्या एका केबिनच्या भिंतीत भुशात सापडल्या. तिथे राहणाऱ्या बाईंचा विचार होता की काचा घासून साफ कराव्यात आणि रोपांसाठी काचघर बांधावं. वेळीच कुणी तरी जाणतं भेटलं आणि बदल्यात त्यांना साध्या काचा मिळाल्या. एका खरवडीचं अंतर होतं.

डॉसनच्या गोठलेल्या जमिनीने आणखीही काही सांभाळलं. १९२९ मध्ये भराव म्हणून पुरलेली मूकपटांची पाचशेहून जास्त रिळं १९७८ मध्ये खोदकामात वर आली. त्यांतल्या कित्येक चित्रपटांची दुसरी प्रत जगात नव्हती.

शास्त्रज्ञांना यांचा काय उपयोग?

फार मोठा. कॅनडाच्या सर्वेक्षण खात्याने डोंगरांचे नकाशे करायला फोटो वापरले. सर्वेयर जनरल देव्हिल यांनी १८८० च्या दशकात ही पद्धत रुजवली. शिखरावर जाऊन चहूबाजूंचे फोटो काढायचे आणि त्यांवरून उंची-अंतर मांडायचं. अशा एक लाखाहून जास्त प्लेट्स आहेत. व्हिक्टोरिया विद्यापीठाची ‘माउंटन लेगसी’ मंडळी त्याच शिखरांवर, त्याच जागी ट्रायपॉड लावून पुन्हा फोटो घेतात.

दोन फोटो शेजारी ठेवले की हिमनद्या मागे सरकलेल्या दिसतात, ते अपेक्षितच असतं. अलास्कातली म्युअर हिमनदी १९४१ च्या फोटोत चौकट भरून आहे. २००४ मध्ये त्याच जागेवरून पाणी आणि हिरवळ दिसते. पण कॅनडाच्या रॉकी पर्वतांतल्या जॅस्परचे १९१५ चे फोटो बघून लोक चमकतात, कारण जंगल आज जास्त दाट आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे कुरणं होती, विरळ झाडी होती. वणवे लागायचे, मूळ रहिवासीही विचारपूर्वक आग लावायचे, आणि त्यातून कुरणं राहायची. राष्ट्रीय उद्यान झालं, माणसं बाहेर काढली, आग विझवली, आणि झाडी दाटली. ज्याला आपण ‘अस्पर्श रान’ म्हणतो ते असं पन्नास-शंभर वर्षांत घडलेलं असू शकतं.

त्या काळचे रंगीत फोटो आहेत का?

युकॉनचे मूळ रंगीत म्हणून जे दिसतात ते बहुतेक हाताने रंगवलेले. खरे रंग बघायचे तर रशियाचे सर्गेय प्रोकुदिन-गोर्स्की बघा. तीन गाळण्यांतून तीन निगेटिव्ह घेऊन त्यांनी उरलच्या लोखंडाच्या खाणी टिपल्या. त्यांचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे.

कुठे बघता येतील? वापरले तर चालतं का?

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात हेग यांचा मोठा संग्रह आहे आणि तो घरबसल्या बघता येतो. व्हाइटहॉर्सचं युकॉन अर्काइव्हज, कॅनडाचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि जुनोचं अलास्का राज्य ग्रंथालय हेही धुंडाळा. कॅनडात १९४९ पूर्वी काढलेल्या फोटोंवर आता प्रताधिकार नाही. अमेरिकेत प्रकाशित होऊन ९५ वर्षं उलटली असतील तर तेच. तरी संग्रहाचं नाव द्या, आणि मूळ रहिवाशांचे चेहरे किंवा विधी असतील तर त्या समाजाने काही विनंती केली आहे का ते आधी वाचा.

मूळ प्रिंट विकत घ्यावी का?

हौस असेल तर घ्या, पण भिंगाने बघून. मी एकदा ‘अस्सल १८९८’ म्हणून एक प्रिंट घेतली. घरी येऊन भिंग लावलं तर बारीक ठिपकेच ठिपके. छापखान्यातलं पान होतं, नुसतं पिवळं पडलेलं. खऱ्या प्रिंटमध्ये ठिपके दिसत नाहीत, छटा सलग असते. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. तेव्हापासून भिंग पर्समध्येच असतं.

मुलांना दाखवायचं तर सुरुवात कुठून करू?

चिल्कूटपासूनच. मात्र पूर्ण फोटो दाखवू नका. सगळ्यांत मोठ्या आकाराची फाइल उतरवा, वरचा भाग कागदाने झाका आणि फक्त तळ दाखवा: पोती, तंबू, घसरगाड्या, बसलेली माणसं. काय काय दिसतं ते त्यांना मोजू द्या. पोत्यात काय असेल, ते इथवर कुणी आणलं असेल, विचारू द्या. त्यानंतर कागद हळूहळू वर सरकवा.

माझ्या भाचीने हे केलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. कागद निम्म्यावर आल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ‘मावशी, थांब. ती एक बाई आहे का?’ आम्ही दोघी स्क्रीनला नाक लावून बराच वेळ बघत बसलो. गुडघ्यापर्यंतचा घागरा, पाठीवर गाठोडं, चेहरा खाली. रांगेत पुढून सातवी.